दीड वर्षाचा मुलगा बोट करून काही दाखवत नाही : ऑटिझमची सुरुवातीची लक्षणं नेमकी कशी ओळखायची?

झोपमोड (धागाकर्ता)

लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. आमचा मुलगा १९ महिन्यांचा आहे. अकराव्या महिन्यात चालायला लागला, तब्येत उत्तम. झोप सोडली तर तक्रारीला जागा नव्हती. (आयडी त्यावरूनच घेतलाय.)

गेल्या आठवड्यात बहीण तिच्या १५ महिन्यांच्या मुलीला घेऊन आली होती. खिडकीत एक पक्षी येऊन बसला. भाचीनं बोट केलं, 'ऊंऽऽ' म्हणाली, वळून आधी आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. पाहिलात का, असा चेहरा. एवढंच झालं. पण माझ्या पोटात गोळा आला, कारण आमच्या पठ्ठ्यानं असं कधी केल्याचं मला काही केल्या आठवेना.

तेव्हापासून मी त्याच्याकडे वेगळ्या नजरेनं बघतोय आणि आता जिकडेतिकडे तेच दिसतंय. पाणी हवं असेल तर माझं मनगट धरून बाटलीपर्यंत नेतो आणि माझा हात बाटलीवर ठेवतो. तोंडाकडे बघत नाही. पाच हाका मारल्या तर एखादीला वळतो, पण शेजारच्या खोलीत त्याच्या आवडत्या गाण्याची नुसती सुरुवात वाजली तरी धावत येतो. म्हणजे ऐकू येतंय ना? खेळण्यातली गाडी उलटी करून चाक फिरवत बसतो, वीस-वीस मिनिटं. शब्द तीन होते : बाबा, दे आणि गेला. त्यातला 'गेला' दोन महिन्यांपूर्वी गेला तो परत आलाच नाही.

दुसरी बाजूही सांगतो. हसतो, गुदगुल्या प्रचंड आवडतात, रात्री कुशीत शिरून झोपतो. आई म्हणते, तूही तिसऱ्या वर्षापर्यंत तोंड उघडलं नव्हतंस. लसीच्या वेळी डॉक्टर म्हणाले होते, मुलगे उशिरा बोलतात, दोन वर्षांपर्यंत वाट बघा. बायको म्हणते, वाट बघायची नाही.

कुठल्या लक्षणांना खरोखर महत्त्व द्यायचं आणि कुठल्यांना नाही? थांबायचं का? ज्यांनी हे जवळून पाहिलंय त्यांनी लिहा. धीर नको, माहिती द्या.


वाटाड्या

मुलगे उशिराच बोलतात हो. माझा पुतण्या तीन वर्षांचा होईपर्यंत मुका होता, आता त्याला गप्प बसवायला माणूस ठेवावा लागेल. आधी गूगल बंद करा. हल्ली जरा काही झालं की लेबल.


कानसेन

मी स्पीच थेरपिस्ट आहे, लहान मुलांबरोबर काम करते. न बघता निदान कुणीच करू नये, मीही करणार नाही. पण धागाकर्त्यांनी जे टिपलंय ते नेमकं आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

वाटाड्या, तुमच्या पुतण्यासारखी मुलं भरपूर असतात. त्यांना आम्ही 'उशिरा बोलणारी' म्हणतो आणि त्यातली बरीचशी पुढे इतरांच्या बरोबरीला येतात. पण शब्द येण्याआधी ती मुलं काय करत असतात ते आठवून बघा. बोट करतात, मान हलवतात, ओढून नेऊन दाखवतात, तुम्हाला कळलं नाही तर चिडतात आणि पुन्हा तुमच्याच तोंडाकडे बघतात. शब्द नसतो, बोलणं असतं. ऑटिझमच्या बाबतीत मी शब्दांच्या आधी हे शोधते.

बोट करण्यातही दोन जाती आहेत. एक मागण्याचं बोट, 'ते दे'. दुसरं दाखवण्याचं बोट, 'ते बघ'. दुसऱ्यात मुलाला काहीच नको असतं. पक्षी तुमच्या भाचीला हातात नको होता, तिला तो तुमच्याबरोबर बघायचा होता. वस्तू, मी आणि तू असा हा नजरेचा त्रिकोण साधारण ९व्या महिन्यापासून जुळायला लागतो आणि १८व्या महिन्यापर्यंत पक्का व्हायला हवा. तो जुळत नसेल तर ती फार महत्त्वाची खूण असते. दुसऱ्याचा हात अवजारासारखा वापरणं, तोंडाकडे न बघता, हीही तशीच.

वयाप्रमाणे ढोबळ खुणा सांगते. दोन महिन्यांच्या सुमाराला बाळ तुमच्या हसण्याला हसून उत्तर देतं. ९ महिन्यांपर्यंत नावानं हाक मारल्यावर वळतं, चेहऱ्यावर आनंद, राग, आश्चर्य दिसतं. वर्षाचं होईपर्यंत 'बा-बा', 'दा-दा' अशी बडबड आणि टाटा करणं, हात वर करून 'घे' म्हणणं असे हातवारे. १६ महिन्यांपर्यंत एखादा तरी अर्थाचा शब्द. दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडून स्वतःचं काहीतरी म्हणणं. ऐकलेलं जसंच्या तसं परत म्हणणं यात धरत नाही. यातली एखादी खूण थोडी मागेपुढे झाली म्हणून ऑटिझम होत नाही. दोन-चार एकत्र राहिल्या तर तपासून घ्यायचं.

आणि कुठल्याही वयात आलेला शब्द, हातवारा किंवा माणसांतला रस हरवला तर वाट बघण्याचा प्रश्नच येत नाही. तुमचा 'गेला' मला म्हणूनच खटकला.


चिमटा

>> पण गाणं ऐकून धावत येतो <<

मग कान ठीक आहेत की. उगीच कानाची तपासणी वगैरे कोणी सुचवेलच आता, म्हणून आधीच लिहितो.


कानसेन

सुचवतेच. :) ठरावीक पट्टीचे आवाज ऐकू येतात आणि काही व्यंजनं निसटतात, असं होऊ शकतं. कानाच्या पडद्यामागे पाणी साचलं असेल तर ऐकणं कमी-जास्तही होत राहतं. बोलण्याची किंवा हाकेला न वळण्याची तक्रार घेऊन आलेल्या प्रत्येक मुलाची आधी श्रवणचाचणी, हा नियम आहे. इतक्या लहान मुलाला 'ऐकू आलं का' असं विचारावं लागत नाही. झोपेत कानापासून मेंदूपर्यंतचे संकेत मोजता येतात.

हाकेवर न वळणं आणि आवडत्या आवाजाला धावणं ही जोडी मात्र ऑटिझममध्ये बऱ्याचदा दिसते, हेही खरं.


मधलीआई

माझा मुलगा आता ९ वर्षांचा आहे, ऑटिस्टिक आहे. निदान झालं तेव्हा सव्वातीनचा होता. त्याआधीच्या दोन वर्षांबद्दल लिहिते, कारण झोपमोड आत्ता आहेत तिथेच आम्ही खूप काळ उभे होतो.

आम्ही जे 'आहे' ते बघत होतो. चाक फिरवतो, चवड्यांवर चालतो, मिक्सर लावला की कानावर हात ठेवून रडतो. प्रत्येकाला आमच्याकडे उत्तर तयार होतं : इंजिनिअर होणार, पाय नाचरे आहेत, नाजूक कानाचा आहे. जे 'नाही' ते दिसतच नव्हतं. न केलेल्या गोष्टीचा आवाज होत नाही ना! त्यानं कधी पडलेली वस्तू उचलून 'हे बघ' म्हणून आणली नाही. मी ठेच लागून कळवळले तरी खेळणं थांबवून बघितलं नाही. खोट्या कपातून खोटं पाणी प्यायला नाही. पहिलंच मूल, तुलना करायला कोणी नाही. उलट लोक म्हणायचे, किती शांत बाळ, एकटं खेळतं, त्रास नाही. मीही अभिमानानं सांगायचे.

निदानानंतर एका रात्री मी जुने व्हिडिओ काढून बसले. पहिल्या वाढदिवसाचा व्हिडिओ आहे. सगळे टाळ्या वाजवतायत, त्याचं नाव घेतायत, आणि तो फुग्याच्या दोऱ्याकडे बघतोय. साडेतीन मिनिटं. तो व्हिडिओ मी आधी दहा वेळा तरी पाहिला असेन आणि दर वेळी मला फक्त 'गोड' दिसलं होतं.

सहा महिन्यांच्या आतले व्हिडिओ मात्र अगदी नेहमीच्या बाळासारखे आहेत, डोळ्यांत बघतो, हसतो. ही माझी आंधळी माया असेल असं वाटायचं. नंतर वाचलं की २०१३ साली अमेरिकेतल्या वॉरेन जोन्स आणि अमी क्लिन यांनी बाळांची नजर यंत्रानं मोजली होती. पुढे ऑटिझम निघालेली बाळंही सुरुवातीला इतरांसारखीच डोळ्यांकडे बघत होती. दोन ते सहा महिन्यांच्या दरम्यान ते बघणं हळूहळू उतरत गेलं. साध्या डोळ्यांना हा उतार दिसत नाही, तेव्हा कुणी स्वतःला दोष देऊ नये. पण दीड वर्षाचं न दाखवलेलं बोट दिसतं, ते बघा.

कुशीत शिरतो म्हणून ऑटिझम नाही, हा आमचाही युक्तिवाद होता. माझा मुलगा अजूनही चिकटून झोपतो. प्रेम नसतं असं काही नाही हो.


रात्रपाळी

बालरोगतज्ज्ञ आहे, धागा उशिरा पाहिला.

'दोन वर्षांपर्यंत थांबा' हा सल्ला आमच्या व्यवसायात अजून ऐकू येतो, याबद्दल खेद आहे. अमेरिकेच्या बालरोग अकादमीची शिफारस प्रत्येक मुलाची ऑटिझमसाठी चाळणी (म्हणजे प्राथमिक तपासणी) १८ आणि २४ महिन्यांना करावी अशी आहे. तक्रार असो वा नसो. आणि इथे तर तक्रार आहे.

चाळणीसाठी सर्वात जास्त वापरली जाणारी प्रश्नावली म्हणजे एम-चॅट-आर. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी, पालकांनी भरायची, हो-नाहीचे २० प्रश्न, विनामूल्य उपलब्ध, बऱ्याच भाषांत भाषांतर झालेलं. खटकणारी उत्तरं मोजायची. ० ते २ म्हणजे जोखीम कमी. ३ ते ७ म्हणजे मध्यम, यात त्याच प्रश्नांवर पालकांशी पुन्हा तपशिलात बोलून गुण पक्के करायचे. ८ किंवा जास्त असतील तर तो टप्पा गाळून थेट सविस्तर तपासणी.

दोन गोष्टी नीट समजून घ्या. चाळणीत अडकणं म्हणजे निदान नव्हे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात दुसऱ्या टप्प्यातही चाळणीत अडकलेल्या मुलांपैकी सुमारे निम्म्यांना ऑटिझम निघाला. पण उरलेल्यांपैकीही बहुतेकांच्या विकासात लक्ष देण्यासारखं काही ना काही होतंच. फुकटची धावपळ अशी फार थोड्यांची झाली. आणि उलट, चाळणीतून सुटलं म्हणजे कायमचं सुटलं असंही नाही. शंका राहिली तर पुन्हा करा.

भरताना एक सर्वसाधारण चूक होते. 'कधीतरी एकदा केलं होतं' याला पालक 'हो' लिहितात. मूल नेहमी काय करतं ते लिहायचं असतं.

निदान ही रक्तचाचणी किंवा स्कॅन नसते. अनुभवी माणूस मुलाशी खेळतो, बघतो, पालकांकडून जन्मापासूनचं ऐकतो. २०१३ पासून वापरात असलेल्या डीएसएम-५ (मानसिक विकारांच्या निदानाची अमेरिकी नियमावली) प्रमाणे दोन्ही बाजू लागतात : सामाजिक देवाणघेवाणीतल्या अडचणी, आणि त्याच त्या हालचाली, ठरावीकपणाचा आग्रह, एखाद्या गोष्टीतला झपाटल्यासारखा रस किंवा आवाज-स्पर्श-प्रकाशाबद्दलची वेगळी प्रतिक्रिया यांपैकी किमान दोन. म्हणून नुसतं चाक फिरवणं किंवा नुसते हात फडफडवणं यावरून काही ठरत नाही. आनंदानं हात फडफडवणारी असंख्य मुलं असतात. अनुभवी हातात दोन वर्षांच्या सुमाराचं निदान सहसा टिकतं.

शब्द किंवा कौशल्य हरवणं हे ऑटिझम असलेल्या साधारण एक-तृतीयांश मुलांत दिसतं, बहुधा दीड-दोन वर्षांच्या आसपास. इतर कारणंही असू शकतात, झटक्यांचे (फिट येण्याचे) काही प्रकार किंवा मुलींमध्ये रेट सिंड्रोम हा दुर्मीळ जनुकीय आजार. म्हणून ते डॉक्टरांना आवर्जून, तारखेसकट सांगा. 'बोलत नाही' आणि 'बोलायचा तो थांबला' ही दोन वेगळी वाक्यं आहेत.


शंभरटक्के

लस कधी दिली होती? दोन महिन्यांपूर्वी शब्द गेला म्हणता. जरा हिशेब करा. बाकी सुज्ञास सांगणे न लगे.


रात्रपाळी

हिशेब झालेला आहे. गोवर-गालगुंड-रुबेला लसीचा ऑटिझमशी संबंध सुचवणारा अँड्र्यू वेकफिल्ड यांचा १९९८ चा लेख १२ मुलांवर बेतला होता. २०१० साली तो छापणाऱ्या नियतकालिकानंच तो मागे घेतला आणि त्याच वर्षी वेकफिल्ड यांची वैद्यकीय नोंदणी रद्द झाली. २०१९ साली डेन्मार्कमधल्या ६,५७,४६१ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. लस घेतलेल्यांत ऑटिझम जास्त नव्हता. या वयात ही लस आणि शब्द हरवण्याचा काळ शेजारी शेजारी येतात, एवढंच. पहिला दातही त्याच सुमाराला पडत असता तर आपण दातांना धरलं असतं.


निशिगंध

मुलीच्या आईचे चार शब्द. वरच्या सगळ्या खुणा वाचून तुम्ही निश्चिंत झालात तर थांबा.

माझी लेक बोट करायची. बोलायचीही, भरपूर. दोन वर्षांची असताना अख्ख्या गोष्टी पाठ म्हणायची, आवाजाच्या चढउतारांसकट. सगळे थक्क. पण तिला भूक लागली की म्हणायची, 'तुला भूक लागली का?' कारण आम्ही तिला तसं विचारायचो. 'मी' आणि 'तू' चारपर्यंत उलटे होते. पडली, लागलं, तर एका कार्टूनमधलं वाक्य जसंच्या तसं म्हणायची, ज्यात कोणीतरी पडलेलं असायचं. आम्ही हसायचो. ती सांगत होती, लागलंय म्हणून. आमच्या लक्षात यायला वर्षं गेली.

निदान आठव्या वर्षी. शाळेतल्या बाईंचं म्हणणं होतं, इतकी शहाणी मुलगी, हिला कसला ऑटिझम? शाळेत शहाणी आणि घरी आली की तासभर पलंगाखाली. दिवसभर दुसऱ्या मुलींकडे बघून हसायचं कधी, बोलायचं कधी याची नक्कल करून दमलेली असायची. मुलांमध्ये मुलींच्या तीन-चारपट निदान होतं म्हणतात. त्यातला किती भाग न ओळखलेल्या मुलींचा आहे, कुणास ठाऊक.

मेमरी जबरदस्त, एबीसीडी दीड वर्षात, असं कौतुक चालू असेल तर करा कौतुक. फक्त एकदा बघा, ते शब्द ती तुमच्याशी बोलायला वापरतेय का.


चिमटा

हे पाठांतराचं मला नवीन होतं. वाचनखूण साठवली. वरचा कानाचा मुद्दा मागे घेतो.


हळदकुंकू_नको

टीव्ही-मोबाईलनं ऑटिझम होतो का? आमच्याकडे 'व्हर्च्युअल ऑटिझम' हा शब्द फार फिरतोय. मोबाईल बंद केला की मुलं बरी होतात म्हणे.


कानसेन

निदानाच्या अधिकृत यादीत हा शब्द नाही, डीएसएममध्येही नाही आणि आयसीडी या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीतही नाही. पडद्यासमोर सहा-सात तास बसणाऱ्या मुलाला माणसाशी देवाणघेवाण करायला वेळच उरत नाही, त्याचं बोलणं मागे पडू शकतं. पडदा बंद करून कोणी त्याच्याशी खेळायला लागलं की ते सुधारतं, हे मी पाहिलंय. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली सांगितलंच आहे, दोन वर्षांच्या आत पडदा नको, २ ते ४ वर्षांत दिवसाला तासाभरापेक्षा जास्त नको. मोबाईल जरूर बंद करा. पण 'आधी तीन महिने मोबाईल बंद करून बघू, मग तपासू' असं करू नका. दोन्ही एकाच आठवड्यात सुरू होऊ शकतं.

घरात दोन-तीन भाषा बोलल्या जातात म्हणून असं होतं, हाही गैरसमज आहे. कोणी सांगितलं म्हणून स्वतःची भाषा सोडून मुलाशी परक्या भाषेत तुटक बोलू नका.


आरोग्यधाम_सल्लागार

निराश होऊ नका!! आमच्या ९० दिवसांच्या शरीरशुद्धी कोर्सने शेकडो मुले पूर्ण बरी. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.


(वरील आयडी बंद करण्यात आला आहे. – व्यवस्थापन)


मधलीआई

व्यवस्थापनाचे आभार. पण प्रतिसाद उडवू नका, असू दे. निदान झालं की पहिल्या महिन्यात असे लोक बरोबर शोधत येतात, नवीन लोकांना ओळख पटलेली बरी. शरीरातले धातू उपसून काढणं, दाबाखाली ऑक्सिजन देणं, असल्या प्रकारांबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनानं जाहीर इशारे दिलेत. आम्ही असल्या एका ठिकाणी पाच महिने घालवले. पैशांचं सोडा, ते पाच महिने हवे होते मला.


एकमार्गी

मी ३४ वर्षांचा ऑटिस्टिक माणूस आहे. निदान २९व्या वर्षी. 'लक्षण' हा शब्द वाचताना मला थोडं तापमापकासारखं वाटतं, पण धाग्याचा सूर बरा आहे म्हणून लिहितो.

चाक फिरवताना काय वाटतं ते सांगू शकतो, कारण मी अजून पंख्याकडे बघतो. सगळा दिवस माणसं अचानक बोलतात, अचानक आवाज होतात, अचानक बेत बदलतात. चाक बदलत नाही. ते बघताना आतला गोंगाट कमी होतो. त्यामुळे मुलाच्या हातातून गाडी काढून घेऊन 'नीट खेळ' म्हणू नका. शेजारी बसा आणि दुसरं चाक फिरवा.

'माझ्या डोळ्यांत बघ' असं हनुवटी धरून करू नका. मी डोळ्यांत बघायला लागलो की समोरचा काय बोलतोय ते मला ऐकू येईनासं होतं. दोन्ही एकदम जमत नाही. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांचं असंच होत असेल आणि बाकीचे जास्त शूर असतील.

लवकर कळण्याचा मला दिसणारा फायदा म्हणजे मुलाला आळशी, हट्टी, शिष्ट ही नावं पडायच्या आत खरं नाव मिळतं. मला ती तिन्ही पडली होती.


वाटाड्या

एकमार्गी, हे वाचून जरा गप्प बसलो. लेबलबद्दल वर बोललो ते तुमच्या बाजूनं विचार न करता बोललो.


झोपमोड (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार, दोन-दोनदा वाचलं. श्रवणचाचणी झाली, कान उत्तम आहेत. निकाल ऐकून बायकोला रडू आलं, आणि ते आनंदाचं नव्हतं. कानात काही निघालं असतं तर बरं, अशी दोघांनीही मनात कुठेतरी आशा धरली होती.

आता दोन प्रश्न. एक, तज्ज्ञांची तारीख दहा आठवड्यांनंतरची मिळाली आहे. तोवर हातावर हात धरून बसायचं का? दोन, आई. ती या विषयावर बोलायलाच तयार नाही. 'माझ्या नातवाला वेडा ठरवायला निघालात' इथपर्यंत मजल गेली. दिवसभर तोच तिच्याकडे असतो, आम्ही दोघं नोकरीवर. तिला बाजूला ठेवून काही होणार नाही.

आणि खरं सांगायचं तर तिसराही आहे. आमचं काही चुकलं का? मी पहिले सहा महिने कामासाठी बाहेरच होतो.


रात्रपाळी

तिसऱ्याचं आधी, कारण तोच झोप खातो. नाही.

हा प्रश्न पालकांच्या डोक्यात आपोआप आलेला नाही, तो घातला गेलाय. १९४३ साली लिओ कॅनर यांनी ११ मुलांचं वर्णन करून ऑटिझमला वैद्यकात जागा दिली, पण त्यांच्या आईबापांच्या 'थंडपणा'चीही नोंद केली. पुढे ब्रूनो बेटेलहाइम वगैरे मंडळींनी आईच्या मायेअभावी हे होतं असं मांडून दोन पिढ्यांतल्या आयांचं आयुष्य नासवलं. १९७७ साली सुझन फोलस्टाइन आणि मायकेल रटर यांनी जुळ्यांच्या २१ जोड्या तपासल्या. एकसारख्या जुळ्यांच्या ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोघांनाही ऑटिझम होता, वेगवेगळ्या जुळ्यांच्या १० जोड्यांपैकी एकीतही नाही. माया दोघांच्या वाट्याला सारखीच आलेली असणार. आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे हे त्यानंतर पुन्हा पुन्हा दिसलंय. पहिल्या मुलाला ऑटिझम असेल तर पाठच्या भावंडांमध्ये साधारण पाचांत एकाला आढळतो, म्हणून त्यांच्याकडे लवकर लक्ष द्यायचं. तुम्ही बाहेरगावी होता याचा त्यात काही संबंध नाही.

दुसऱ्या शहरातल्या तज्ज्ञांचीही नावं घालून ठेवा. रद्द झालेली वेळ मिळाली तर कळवा म्हणून सांगा, लाजू नका. आणि थेरपीला निदानाचा कागद लागतोच असं नाही.


कानसेन

दहा आठवडे खूप आहेत. आजपासून करता येईल असं सांगते.

जमिनीवर बसा, तुमचं तोंड त्याच्या तोंडाच्या पातळीला येईल असं. तो जे करतोय ते करा. त्यानं ठोकलं की तुम्ही ठोका, त्यानं 'आऽ' केलं की तुम्ही 'आऽ'. बऱ्याच मुलांचं इथेच पहिल्यांदा लक्ष जातं, हा कोण माझी नक्कल करतोय? मग थांबा. हे थांबणं सगळ्यात अवघड. मनात दहापर्यंत मोजा. गुदगुल्या आवडतात म्हणालात ना, मग हात उगारून अर्ध्यात थांबा आणि त्याच्या नजरेची, आवाजाची, अंग पुढे करण्याची वाट बघा. काहीही केलं की लगेच गुदगुल्या. तुमच्याकडे बघितलं की काहीतरी घडतं, हे त्याला कळायला हवं.

पाण्याची बाटली तो तुमचा हात धरून मागतो. हात नेऊ दे, पण बाटली तुमच्या तोंडाजवळ धरून एकच शब्द म्हणा : पाणी. आणि द्या. 'म्हण पाणी, म्हण म्हण, मग देईन' हे नको. तहानलेल्या मुलाची परीक्षा घेऊन भाषा येत नाही.

चित्रं किंवा खुणा वापरल्या तर तोंडानं बोलणार नाही, ही भीतीही सोडा. त्यामुळे बोलणं अडत नाही.


नातवंडवाली

मी ६८ वर्षांची आहे, तुमच्या आईच्या वयाची असेन. तुम्ही त्यांना लेख वाचायला दिले असतील. दिले ना? मुलगा आपल्याला शिकवायला लागला की आपण ऐकत नाही बाबा, हे सांगून ठेवते.

माझ्या नातीच्या वेळी मीही अशीच अडून बसले होते. मला ऑटिझमची भीती नव्हती. मी दिवसभर सांभाळते आणि हिच्यात काही कमी निघालं तर बोट माझ्याकडे येणार, ही भीती होती. ते कोणी बोलत नाही. तुमच्या आईला आधी सांगा, तुझं चुकलेलं नाही. मग त्यांना सांगू नका, विचारा. दिवसभर त्याच्याबरोबर त्या असतात, जास्त त्यांनाच माहीत असणार.


मधलीआई

आजी, तुम्हाला साष्टांग नमस्कार. हे सात वर्षांपूर्वी कोणी मला सांगितलं असतं तर सासूबाईंशी दोन वर्षं अबोला झाला नसता.


झोपमोड (धागाकर्ता)

अपडेट. नातवंडवाली आजी, तुमचं ऐकलं.

शनिवारी रात्री तो झोपल्यावर ती २० प्रश्नांची प्रश्नावली घेऊन आम्ही तिघं बसलो. आधी मी एकट्यानं भरली होती, खटकणारी उत्तरं सहा आली होती. ती आईच्या हातात दिली आणि म्हटलं, मी संध्याकाळचे दोनच तास त्याला बघतो, माझं कुठे चुकलंय ते सांग.

तिनं चष्मा लावला. बराच वेळ काही बोलली नाही. मग पेन मागितलं आणि माझी दोन उत्तरं खोडली. मला वाटलं, 'नाही'ची 'हो' करणार. तिनं 'हो'ची 'नाही' केली.

तुम्ही एखाद्या गोष्टीकडे मान वळवून बघितलंत तर मूलही तिकडे बघतं का? मी 'हो' लिहिलं होतं. आई म्हणाली, आवाज आला तर बघतो. मी नुसतं बघितलं तर नाही बघत.

तुम्ही हसलात की मूल तुमच्याकडे बघून हसतं का? इथेही माझं 'हो' होतं. 'गुदगुल्यांना हसतो रे,' ती म्हणाली. 'मी नुसती हसले तर नाही हसत. कधीपासून करून बघतेय मी. रोज दुपारी.'

रात्रपाळी, आठ झाले. दुसऱ्या शहरातल्या एका तज्ज्ञांची रद्द झालेली वेळ मिळाली आहे, येत्या गुरुवारची. आई म्हणाली, मी येते, तुम्हाला काही सांगता यायचं नाही.